उडते केस

स्वरदा : पण तुम्ही मला नाव तरी कुठे विचारलंत? दार उघडलंत, माझ्या डोक्याकडे बघितलंत आणि म्हणालात, आत ये.

शुभा : नाव काय विचारायचं? हे असे चहूकडे उधळलेले केस घेऊन माझ्या दारात उभी राहणारी मुलगी एकाच घरातली असणार. विद्याधर टिपणीसची तू. स्वरदा. नाव माहीत होतं, बघतेय आज.

स्वरदा : म्हणजे मी तुम्हाला आत्या म्हटलं तर चालेल ना?

शुभा : आत्याला अहो-जाहो करतात का हल्ली मुलुंडला?

स्वरदा : नाही. म्हणजे, तू. यार, मी अर्धा रस्ता घोकत आले होते काय बोलायचं ते, आणि आता सगळं गेलं. थांब, एका दमात सांगते. मला बन घालून दे. विमानातल्या बायकांचा असतो ना, तसला. चापूनचोपून, एक केस बाहेर नाही असा. बारा वाजता अंधेरीला पोचायचंय, एअरपोर्टजवळच्या हॉटेलात, केबिन क्रूच्या इंटरव्ह्यूला. आणि तू इतकी वर्षं एअर होस्टेस होतीस, ह्याच केसांनी होतीस, म्हणजे हे होऊ शकतं ना? मला आत्तापर्यंत वाटत होतं की हे होऊच शकत नाही.

जानकी : कोण इलां गो शुभा? सकाळच्या पारी कोणाचो आवाज तो?

शुभा : माझी भाची आहे, आई. दादाची मुलगी. स्वरदा, ह्या माझ्या सासूबाई.

जानकी : भावाचां चेडू? तुज्याशी बोलना नाय, तो भाव?

शुभा : तोच. दुसरा कुठून आणू?

जानकी : मगे तेका उभां कित्याक ठेवलंस? बस गो बाय. चाय घेतलंस काय? अगो, आणि ह्या केसांका काय झालां? वीज पडली काय?

स्वरदा : नाही आजी, हे असेच आहेत. जन्मापासून. आज तर बरे आहेत.

शुभा : बरे? ही टोकं बघ, करपलीत. इस्त्री फिरवलीस ना ह्यांच्यावरनं?

स्वरदा : सगळं करून झालं, आत्या. घाटकोपरला एका पार्लरमध्ये ट्रीटमेंट घेतली. थोडे दिवस झकास, मग जरा घाम आला की परत कापूस. मग कुठेतरी बघून अंडं लावलं आणि गरम पाण्यानं धुतलं, तर ते डोक्यातच शिजलं. आई चिमट्यानं काढत बसली होती. जेल लावलं की पुढून चकचकीत आणि मागून झाडू. आणि गेल्या खेपेला, दुसऱ्या एका कंपनीचा इंटरव्ह्यू होता, तिथे उंची झाली, वजन झालं, हात वर करून ती खूण गाठायची असते, ती टाच जमिनीवर ठेवून गाठली. मग ग्रूमिंग बघणारी आली. तिनं पेनाच्या टोकानं माझे हे इथले केस उचलले. पेनानं, आत्या. हातसुद्धा लावला नाही. म्हणाली, हे ऐकत नाहीत वाटतं तुझं. आणि माझं नाव खोडलं. मला कुणी एक प्रश्न विचारला नाही पुढे. मी जपानी शिकलेय, काय काय पाठ करून गेले होते.

शुभा : पेनानं.

स्वरदा : हो ना.

शुभा : आमच्या वेळी फूटपट्टी असायची. ये, त्या स्टुलावर बस, खिडकीकडे तोंड करून. आई, पंखा बंद करा जरा. आणि दादाला सांगून आलीस ना?

स्वरदा : बाबांना? नाही. त्यांना काहीच माहीत नाही. ते ऑफिसला गेलेत.

शुभा : मग ऊठ.

स्वरदा : काय?

शुभा : ऊठ म्हटलं. मी हात लावणार नाही. उद्या तू उडायला लागलीस की मुलुंडात काय बोलतील? आत्यानं फूस लावली. मी एकदा ऐकून घेतलंय बरंच काही, आता ह्या वयात परत नाही ऐकणार. बापाला फोन कर, कुठे आहेस आणि कशाला आलीस ते सांग. तो हो म्हणाला तर बस.

स्वरदा : आत्या, प्लीज ना. वेळ नाहीये गं.

जानकी : शुभा, चेडवाच्या डोळ्यात पाणी इलां बघ. आदी डोक्याचां काय ता कर, मगे बापाशीचां बघूया.

शुभा : आई, तुम्ही नका मध्ये पडू. सगळं माझ्यावरच येतं शेवटी. मी काय म्हणते, तुझ्या बापाला... थांब. मान वळव. हे काय आहे?

स्वरदा : कुठे काय?

शुभा : हे कानाच्या वर. इथे केस गोल दाबून बसलेत आणि खालून फुललेत. कशानं आलीस तू?

स्वरदा : रिक्षानं.

शुभा : मुलुंडच्या रिक्षात हेल्मेट घालायला लागतं का गं?

जानकी : गावलां.

स्वरदा : बाबांनी आणलं. स्कूटरवरून. आत्या, सॉरी, मला खोटं बोलता येत नाही, मी त्यांना म्हटलं पण होतं. तेच म्हणाले, मी सोडलं असं सांगू नकोस. ती दार लावून घेईल.

शुभा : कुठाय तो?

स्वरदा : खाली. गेटपाशी.

जानकी : शुभा, खाली बस गो. पाणी देवू?

शुभा : नको. ठीक आहे मी. पत्ता कुणी दिला त्याला?

स्वरदा : काय माहीत. पण कुणाला विचारला नाही त्यांनी. जोगेश्वरीत शिरल्यावर मला वाटलं आता थांबतील, एखाद्या दुकानात विचारतील. कुठेच नाही. सरळ आले, पिठाच्या गिरणीपाशी वळले आणि गेटसमोर गाडी बंद. म्हणाले, तिसरा मजला, जिन्याला लागून दुसरं दार. मलाही जरा विचित्र वाटलं.

जानकी : म्हणजे आदी येवन गेलोहा तो.

शुभा : ते नंतर. ते सगळं नंतर. स्वरदा, चल मोरीत. ओढणी काढ, वाक. सुके केस विंचरलेस आज?

स्वरदा : विंचरले ना. शंभर वेळा. बसतील म्हणून.

शुभा : तिथेच वाट लागली. आपल्या केसांना सुकं विंचरायचं म्हणजे झोपलेल्या कुत्र्याला काठी मारायची. हे फक्त ओले असताना ऐकतात. ओले असतानाच सोडवायचे, ओले असतानाच बांधायचे, आणि बांधून झाले की विसरून जायचं. हात लावायचा नाही. पाणी गरम लागतंय?

स्वरदा : नाही, छान आहे. आत्या, तुझे हात बाबांसारखे आहेत.

शुभा : तोंड मिट, साबण जाईल.

जानकी : मी जास्वंदीची पानां काढून आणतंय गो गॅलरीतली. लागतली मा?

शुभा : भरपूर आणा, आई. कोवळी बघून.

स्वरदा : जास्वंद कशाला?

शुभा : कळेल. आधी हे कंडिशनर तसंच ठेवून मोठ्या दातांच्या फणीनं गुंता काढू. टोकांकडून वर. मुळापासून ओढलंस की तुटतात आणि तुटलेले आखूड केस मग उभे राहतात. तुझे पुढचे सगळे असे तुटलेले आहेत. किती छळलंयस ह्यांना.

स्वरदा : त्यांनी मला कमी छळलंय? शाळेत मला मॅगी म्हणायचे.

शुभा : मला नारळाची शेंडी म्हणायचे. आणि तुझ्या बापाला पण. आम्ही दोघं शाळेत निघालो की अख्खी गल्ली बघायची. त्याचे तर माझ्याहून दाट. आई आम्हा दोघांना ओळीनं बसवून तेल थापायची. तिला कधी जमलं नाही. मी अकरावी-बारावीत असताना स्वतःच हे शोधून काढलं, ओल्यावर बांधायचं. मग त्याला पण शिकवलं, म्हणजे त्याचा भांग मीच पाडून द्यायचे. कॉलेजात जायच्या आधी येऊन समोर बसायचा.

स्वरदा : म्हणून. गेल्या खेपेला मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते, दार लावून. रात्री जेवताना बाबा एकदम म्हणाले, असे केस एकीलाच बांधता यायचे. आईच्या हातातली वाटी तशीच राहिली. कारण तुझं नाव आमच्याकडे घेतच नाहीत ना कुणी. आणि मग काल माझा हा कॉल आला, उद्या या म्हणून, तर बाबा म्हणाले, सकाळी लवकर निघू. कुठे ते सांगितलं नाही. पवईपर्यंत मला वाटत होतं एखाद्या पार्लरमध्ये नेतायत.

जानकी : पानां आणलंय. आणि तुज्या भावाक पण बघून इलंय. हेल्मेट पोटाशी धरून उभो हा. पण गो, तू म्हणतंस दाट केस, तेच्या डोक्यार तर काय्येक नाय. सगळां मैदान.

शुभा : दादाचे केस गेले?

स्वरदा : सगळे. मी चौथी-पाचवीत असतानाच. तुला माहीत नव्हतं?

शुभा : कसं माहीत असणार? दादाला टक्कल. अरे देवा. त्याला टक्कल पडलंय आणि मी इतकी वर्षं मनातल्या मनात त्याच केसांच्या माणसाशी भांडतेय.

जानकी : हाक मारू तेका?

शुभा : नाही. बन झाल्याशिवाय नाही. आत्ता तो आत आला तर माझा हात हलेल, आणि हिचं सगळं फुकट जाईल. उभा राहू दे. सावली आहे ना तिथे?

जानकी : आसा. जांभळीखाली उभो हा.

शुभा : मग राहू दे. स्वरदा, ऊठ. टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही. हा हर्षदचा जुना बनियन घे, ह्यानं नुसतं दाबायचं. हर्षद म्हणजे तुझे काका. ड्यूटीवर गेलेत. बस आता. आई, द्या ती वाटी.

स्वरदा : ई. हे काय हिरवं? शेंबडासारखं लागतंय.

जानकी : शेंबूड नाय गो, जास्वंदीच्या पानांचो रोस. पाण्यात चुरडलां की असा बुळबुळीत होता. आमी गावाक ह्यांच लावताव. सुकल्यार केस हलणत नाय आणि वास पण नाय.

शुभा : विमानात एसीनं हवा इतकी कोरडी होते की बाजारातलं जेल तासाभरात पांढरं पडतं, कोंड्यासारखं. हे पडत नाही. आणि ह्याच्यामुळे तर सगळं रामायण झालं.

स्वरदा : कसलं रामायण? सांग ना.

शुभा : मान सरळ ठेव. मी नवीन होते. एकदा रनवेवरच्या वाऱ्यानं माझा बन सुटला. जाळी तुटली आणि सगळे केस वर. पॅसेंजर शिडी चढतायत, मी दारात नमस्कार करतेय आणि डोक्यावर हे जंगल. खाली हर्षद सामान चढवत होता. त्यानं वर बघितलं. हसला नाही, एवढं लक्षात राहिलं. पुढच्या वेळी मी त्याच फ्लाइटला होते तर एक बाटली आणून दिली. आत हिरवं काहीतरी. मला वाटलं चटणी.

जानकी : आदल्या दिवशी माका सांगल्यान, आये, एक मॅडम आसा, तिचे केस उडतत. मी म्हटलंय, विमानां उडतत ती सोडून तुका केस बरे दिसले.

स्वरदा : काय भारी. म्हणजे तुमचं लग्न माझ्या केसांमुळे झालं.

शुभा : माझ्या केसांमुळे. आता डोळे मीट, पुढचे बसवतेय. हा जुना टूथब्रश, घाबरू नकोस, केसांसाठीच ठेवलेला असतो. कपाळावरचे हे बारीक केस ह्यानंच ऐकतात. असे, मागे, मागे. आणि आता ही ओढणीची पट्टी घट्ट बांधून सुकेपर्यंत ठेवायची. दुखतंय?

स्वरदा : नाही. पण मग बाबांना राग कशाचा आला? नोकरीचा की काकांचा?

शुभा : नोकरीचा नाही गं. तुझे आजोबा सोसायटीत सांगत सुटायचे, आमची शुभा आज सिंगापूरला, आमची शुभा उद्या दुबईला. आणि तुझा बाप एअरपोर्टवर सोडायला यायचा, स्कूटरवर, मी ओढणीनं डोकं बांधून मागे. लग्नाचं निघालं तेव्हा तोच बिनसला. म्हणाला, विमानातली मुलगी विमानाखालच्या माणसाशी लग्न करतेय. हर्षदच्या समोर म्हणाला. आईंच्या समोर म्हणाला.

जानकी : लोडर म्हटल्यान. लोडर होतोच मा तो. हेंची, हर्षदाच्या बापाशीची, कापडगिरणी बंद पडली, घरात खावक काय नाय, झीलान सामान उचलल्यान म्हणान आमी जगलो. खऱ्याक राग येवक कित्याक व्हयो? आता सुपरवायझर आसा.

शुभा : तुम्हाला आला नाही, आई. मला आला. मी म्हटलं, परत तोंड दाखवणार नाही. आणि नाही दाखवलं. त्यानंही बोलावलं नाही. मग मुलगा झाला मला, आकाश. केस हर्षदच्या घरचे, परबांचे, सरळ, तेल लावल्यासारखे. मला बरं वाटलं, सुटला बिचारा. आणि मग वाटलं, म्हणजे हे माझ्यापाशीच संपलं. माझ्यानंतर असे केस कुणाचे नसणार.

स्वरदा : आत्या.

शुभा : आता रडायचं नाही, काजळ जाईल. पट्टी सोडतेय. बघ, एक तरी उभा आहे का? आता पोनीटेल, कानाच्या रेषेत, वर नाही, खाली नाही. पीळ घाल, गुंडाळ. आपल्या केसांना तो आतला गोळा लागत नाही हो बाजारातला. आपलेच पुरतात. बाकीच्या मुली पैसे टाकून जाडी आणतात, आपल्याला देवानंच दिलीय. आता जाळी. आई, पिना.

जानकी : हे घे. आणखी होये?

शुभा : पुरे. झालं. ऊठ, उडी मार.

स्वरदा : उडी?

शुभा : उडी मार, मान हलव, नाही नाही म्हण, हो हो म्हण. आई, लावा पंखा. पाचवर. आता पंख्याखाली उभी राहा. फिर.

स्वरदा : हलत नाहीत. आत्या, हलत नाहीत. एक पण नाही. आरसा कुठाय? हे मी आहे? आजी, बघा ना, माझं कपाळ आहे. मला कपाळ आहे हे मला माहीतच नव्हतं. आणि कान. यार, मी फोटो काढते, आईला पाठवते, थांब, मागून तू काढ. आत्या, मी रडणार नाहीये, पण मला खूप काहीतरी होतंय.

शुभा : होऊ दे. पण हात नको लावूस. हात खाली.

जानकी : आता मारू हाक?

शुभा : मारा.

जानकी : ओ मुलुंडवाले. जांभळीखालचे. होय होय, तुमीच. वर येवा. शुभान बोलवलां. होय तर, खोटां कित्याक सांगू?

शुभा : अख्ख्या बिल्डिंगला कळलं, आई.

जानकी : कळांदे. इतकी वर्षां काय गुपित होतां काय?

स्वरदा : आत्या, तू त्यांना ओरडशील?

शुभा : माहीत नाही. चढतोय तो. दम लागलाय त्याला, ऐक. दुसऱ्या मजल्यावर थांबला.

विद्याधर : येऊ का?

जानकी : येवा, येवा. चपला आत काढल्यात तरी चालतील.

विद्याधर : नमस्कार.

शुभा : बघ, तुझ्या मुलीचं डोकं. मागून बघ.

विद्याधर : बसले.

शुभा : बसवले.

विद्याधर : हो. बसवलेस.

स्वरदा : बाबा, पंखा पाचवर होता. पाचवर. एक केस नाही हलला.

विद्याधर : छान दिसतंय. चल, पावणेअकरा झाले. जोगेश्वरी-अंधेरी म्हणजे ट्रॅफिक असणार. हे घे, हेल्मेट घाल.

शुभा : ते हेल्मेट तिच्या डोक्याजवळ आणलंस ना, दादा, तर बघ.

विद्याधर : अगं पण हेल्मेटशिवाय कसं नेणार?

शुभा : नेणार नाहीस. ती रिक्षानं जाईल. एकटी. स्वरदा, रिक्षात उजवीकडे बसायचं नाही, वारा लागतो. मधोमध बस. कुणी काही विचारलं तर आधी हस, मग बोल. आणि कुणी केसांबद्दल विचारलं तर हात वर न्यायचा नाही. वाकू नकोस पाया पडायला. नमस्कार तोंडानं कर.

स्वरदा : नमस्कार, आत्या. नमस्कार, आजी. बाबा, मी जाऊ?

विद्याधर : जा. फोन चालू ठेव.

जानकी : बरां होतला हां चेडवा. जा.

विद्याधर : मी निघतो मग. तिच्या मागोमाग जातो स्कूटरवर.

शुभा : जाऊन काय करणार? हॉटेलच्या गेटबाहेर उभा राहणार? त्याची सवय आहे तुला, आज कळलं.

विद्याधर : स्वरदानं सांगितलं वाटतं.

शुभा : तिला काय माहीत? तू पत्ता विचारला नाहीस एवढंच म्हणाली. केव्हा आला होतास?

विद्याधर : आलो होतो. एकदा आई गेली त्या वर्षी. मग नंतरही एकदोनदा, दारापर्यंत. ह्या बाजूला काम निघालं की.

जानकी : आणि दाराक हात लावून परत? देव आसा काय थंय?

शुभा : आईच्या वेळी तू फोनसुद्धा केला नाहीस मला. मला चौथ्या घरातून कळलं, दादा. मी स्मशानात लांब उभी होते. तेव्हा केस होते तुझे.

विद्याधर : बघितलं होतं मी तुला.

शुभा : मग?

विद्याधर : फोन केला होता. आदल्या दिवशी संध्याकाळी. तुझ्या मिस्टरांनी उचलला. हॅलो, हॅलो, कोण पाहिजे, म्हणाले. अगदी सभ्यपणे. मला त्यांच्याशी बोलता येईना. काय म्हणून बोलू? ठेवून दिला.

शुभा : हर्षद म्हणाला होता, कुणाचा तरी ब्लँक कॉल होता म्हणून.

विद्याधर : मीच.

शुभा : त्याला एक वाक्य बोलला असतास तर मला आईचा हात धरता आला असता.

विद्याधर : हो.

शुभा : नुसतं हो?

विद्याधर : दुसरं काय म्हणू, शुभा? तू म्हणतेस ते बरोबर आहे. मी काही म्हटलं तरी ते तसंच राहणार.

जानकी : शुभा, तू रड पोटभर, मी हंय आसय. आणि तुमी बसा ओ. उभ्यान बोलला की भांडणच होता. बसा त्या खुर्चेर. चाय घेतास?

विद्याधर : घेईन. साखर थोडी कमी.

शुभा : तुला साखर कधीपासून कमी?

विद्याधर : डॉक्टर म्हणाले. चार वर्षं झाली.

शुभा : बाबांना पण होती.

विद्याधर : हो. केस माझे गेले, साखर राहिली.

शुभा : हसवू नकोस. मी अजून रागात आहे.

विद्याधर : राहा. मला काही म्हणायचं नाही.

(दुपार. चहाचे कप तसेच पडलेले. शुभाचा फोन वाजतो.)

शुभा : स्वरदा आहे. स्पीकरवर टाकते. बोल गं.

स्वरदा : आत्या, झालं. ग्रूमिंग झालं. म्हणजे पास झाले. अगं, इथे पाचशे मुली असतील, सगळ्यांच्या बनांची वाट लागलीय, एसी बंद पडलाय ह्या हॉलचा, सगळ्या घामानं निथळतायत आणि माझे आहेत तसे. ती मॅडम आली, माझ्या मागे उभी राहिली, मला वाटलं आता पेन काढते. नाही काढलं. हात लावला, असा तळहात, हळूच. म्हणाली, नाइस अँड नीट. आणि विचारलं, कुणी बांधलाय?

शुभा : मग?

स्वरदा : म्हटलं, आत्यानं. आमच्या घरात सगळ्यांचे असेच आहेत. म्हणजे बाबांचे होते. बाबा आहेत ना तिथे? मी खाली बघितलं तर स्कूटर नव्हती हॉटेलपाशी.

विद्याधर : इथेच आहे मी.

स्वरदा : अजून? जेवलात?

जानकी : जेवतले. सुंगटांची कडी करतंय. खातत मा मासे?

विद्याधर : खातो. आवडतात.

स्वरदा : आजी, मला ठेवा. आता ग्रुप डिस्कशन आहे, मग फायनल. मला जपानीत पण बोलायला सांगणार आहेत म्हणे. मला मज्जा येतेय. खरंच. ठेवते, नंबर पुकारतायत.

शुभा : हस आधी. ठेवला तिनं. दादा, वेळ लागेल हं तिला अजून. फायनलला एकेकीला आत घेतात. संध्याकाळ होईल.

विद्याधर : होऊ दे.